देवराई आणि डोंगरउतार : विविधतेचा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : मी भोर तालुक्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. यंदा विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी गावच्या देवराईत आणि शेजारच्या उघड्या डोंगरउतारावर १० मीटर लांबीरुंदीचे चौकोन आखून झाडे मोजली. देवराईत चार चौकोन झाले, उतारावर नऊ. शॅननचा विविधता निर्देशांक उताराचाच जास्त आला. जुनी, राखलेली देवराई उतारापेक्षा कमी विविध कशी, असे विद्यार्थी विचारतात आणि हा आकडा ग्रामस्थांपुढे मांडावा की नाही, याचा पेच आम्हाला पडला आहे. आमचे कुठे चुकले?

उत्तर : सर्वप्रथम दोन्ही गटांनी लॉगॅरिदम कोणता वापरला ते पाहावे. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीशास्त्रासाठी मांडलेल्या या सूत्रात प्रत्येक प्रजातीचा एकूण झाडांतील वाटा घेऊन त्याला त्याच वाट्याच्या लॉगॅरिदमने गुणतात, सर्व गुणाकारांची बेरीज करतात आणि ऋण चिन्ह काढून टाकतात. लॉगॅरिदमचा पाया बदलला की उत्तरही बदलते. पाच प्रजाती अगदी समसमान असतील तर नैसर्गिक लॉगॅरिदमने १.६१, दहाच्या पायाने ०.७० आणि दोनच्या पायाने २.३२ असे उत्तर येते. एक्सेलमध्ये ‘लॉग’ हे सूत्र पाया न सांगता वापरले तर तो दहा धरला जातो, नैसर्गिक लॉगॅरिदमसाठी ‘एलएन’ वापरावे लागते. एका गटाने एक आणि दुसऱ्याने दुसरे सूत्र वापरले असेल, तर आपला पेच इथेच सुटेल.

तसे नसेल, तर चार आणि नऊ या चौकोनांच्या संख्यांकडे वळावे. जितके अधिक मोजावे तितक्या नव्या प्रजाती सापडत जातात, सुरुवातीला भराभर आणि पुढे हळूहळू. त्यामुळे मोजणीचे श्रम असमान असताना प्रजातींच्या संख्येची थेट तुलना करणे न्याय्य ठरत नाही. यावर सँडर्स यांनी १९६८ मध्ये समुद्रतळावरील जिवांचा अभ्यास करताना एक उपाय सुचवला आणि हर्लबर्ट यांनी १९७१ मध्ये त्याचे सूत्र दुरुस्त केले : ज्या नमुन्यात झाडे जास्त आहेत, त्यातून दुसऱ्या नमुन्याइतकीच झाडे यदृच्छया उचलली असती तर सरासरी किती प्रजाती मिळाल्या असत्या, हे काढायचे आणि मगच तुलना करायची. इथे समान करायची ती झाडांची संख्या, चौकोनांची नव्हे. उतारावर झाडे विरळ असल्याने नऊ चौकोनांतही देवराईच्या चार चौकोनांपेक्षा कमी झाडे असू शकतात. आणखी एक शक्यता आहे. देवराईतले चार चौकोन एकमेकांलगत आणि उतारावरचे नऊ ओढ्यापासून माथ्यापर्यंत विखुरलेले असतील, तर उताराच्या आकड्यात अनेक अधिवासांची विविधता एकत्र मिसळलेली आहे.

आता समजा, हे सारे तपासूनही आकडा तसाच राहिला. तरीही मला त्यात नवल वाटणार नाही, कारण शॅननचा निर्देशांक प्रजातींच्या संख्येबरोबर त्यांच्यातील समतोलही मोजतो. एका नमुन्यात १०० झाडे, प्रजाती पाच, प्रत्येकीची २० झाडे आहेत असे धरू. दुसऱ्यातही १०० झाडे आणि पाचच प्रजाती आहेत, पण एकीची ८० आणि उरलेल्या चौघींची पाच-पाच. पहिल्याचा निर्देशांक १.६१ येतो, दुसऱ्याचा ०.७८. हे आकडे मनाला फारसे काही सांगत नाहीत, म्हणून हिल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने त्यांचे ‘परिणामी प्रजातिसंख्ये’त, म्हणजे तेवढीच विविधता देणाऱ्या समसमान प्रजातींच्या संख्येत, रूपांतर करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पहिला नमुना पाच प्रजातींचा ठरतो, दुसरा साधारण २.२ प्रजातींचा, आणि सिम्पसन यांच्या १९४९ च्या सूत्राने, जे विपुल प्रजातींना अधिक वजन देते, दुसऱ्याची संख्या १.५ वरच थांबते. महाबळेश्वर-कोयना पट्ट्यातील सदाहरित वनांत अंजन, जांभूळ आणि पिसा यांचे प्राबल्य असते. तशा वनाच्या प्रकृतीतच असमतोल आहे, त्यात बिघाड शोधण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निर्देशांकाला झाडांची नावे ठाऊक नसतात. देवराईतले अंजन वगळून तेवढीच सुबाभळीची झाडे तक्त्यात लिहिली, तरी उत्तर दशांशाने बदलणार नाही. उतारावर मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांची भर असेल, तर ती विविधतेत मिळवली जाते. शिवाय आपण फक्त झाडे मोजलीत, त्यामुळे गारंबीसारख्या महावेली, नेचे आणि झाडांवर वाढणारी आमरे (ऑर्किड) देवराईच्या खात्यात आलीच नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तो तेथील वनस्पतींच्या याद्या करत आणि लोकांशी बोलत. ग्रामस्थांपुढे आकडा जरूर ठेवावा, मात्र त्याच्या शेजारी दोन्ही ठिकाणच्या प्रजातींची संपूर्ण यादी आणि प्रत्येकीची झाडे किती, हा तक्ताही असावा. कोणते झाड फक्त देवराईतच उरले आहे, ते त्यांना त्या यादीवरून लगेच कळेल.

प्रश्न : आमच्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, पावसाळ्यात गवते आणि तेरडा-सीतेची आसवे यांसारखी फुले दाटीने येतात. एकेक रोप मोजणे अशक्य आहे. मग विपुलता कशी मोजावी?

उत्तर : रोपे मोजू नयेत. एक मीटर लांबीरुंदीची चौकट जमिनीवर ठेवून प्रत्येक प्रजातीने तिचा किती टक्के भाग व्यापला आहे, याचा अंदाज नोंदवावा. गवताचा थोंब कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे ठरवता येत नाही, म्हणून व्याप्ती हेच तिथे विश्वसनीय माप ठरते. पाने एकमेकांवर येत असल्याने बेरीज शंभरावर गेली तरी चिंता नसावी; वाटा काढताना त्या बेरजेनेच भागावे. चौकट कुठे ठेवायची हे मात्र फुले पाहून ठरवू नये, आधी काढलेल्या यदृच्छ अंकांवरून ठरवावे. जुलै आणि सप्टेंबर अशा किमान दोन फेऱ्या कराव्यात, कारण सड्यावरील अनेक वर्षायू वनस्पती काही आठवड्यांतच आटोपतात.