वाडीत पहिलं फायबर नेटवर्क टाकताय? आधी हे बघा

राउटरच्या मॉडेलवर आत्ताच डोकं खपवू नका. आधी प्रकाशाचा हिशेब कागदावर मांडा. जीपॉन म्हणजे एका फायबरवरून अनेक घरं जोडायची पद्धत. तिच्या बी-प्लस दर्जाच्या मॉड्यूलला ओएलटीपासून (तुमच्या टोकाचं मुख्य यंत्र) घरापर्यंत २८ डीबी (डेसिबल, प्रकाशाची घट मोजायचं माप) घट चालते. १:३२ स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश ३२ वाटांत वाटणारा) त्यातले साधारण १७ खातो, फायबर किलोमीटरला ०.३५, कनेक्टर प्रत्येकी ०.३ ते ०.५. वर ३ डीबी राखून ठेवाच. पावसाळ्यात माडाची झावळ पडून केबल तुटणार आणि प्रत्येक नव्या जोडाने घट वाढणार.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा) कनेक्टर निळ्या यूपीसीत (सरळ टोकाच्या) घुसवणं. टोकं नीट टेकत नाहीत, सिग्नल पडतो.
- केबल सरळ घरात घेणं. भिंतीबाहेर खाली झोल द्या, पाणी तिथेच गळेल.
- साधे लोखंडी क्लॅम्प. खाऱ्या हवेत गंजतात.

वेगाच्या वाटणीकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. संध्याकाळी एक घर डाउनलोड लावतं आणि शेजारच्या मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो, हा अन्याय टाळता येतो. मुख्य लिंकच्या ९० ते ९५ टक्क्यांवर शेपर (वेगाला मर्यादा घालणारी राउटरमधली सोय) लावा, त्यात केक (वेग सारखा वाटणारी पद्धत) चालू करा. वाटणी घरागणिक ठेवा; कनेक्शनगणिक ठेवलीत तर वीस डाउनलोड उघडणारा सगळं ओढून नेतो.

व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं), रिंग (केबल तुटली तर दुसरी वाट) वगैरे पहिली दहा घरं नीट चालल्यावर बघू. जमेल तुम्हाला.