काट्यावरील विंडोज ७ संगणकावर पायथन कसे चालवावे?

आपला प्रश्न असा आहे की, जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावरील संगणकात विंडोज ७ आहे, काट्याचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसल्यामुळे मालक ते बदलू देत नाहीत आणि रोजच्या कापूस आवकेचा अहवाल पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तयार करायचा म्हटले तर नवे पायथन व व्हीएस कोड (प्रोग्राम लिहिण्याचा संपादक) त्यावर बसत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये हिशेब आणि संगणक दोन्ही पाहतो, त्यामुळे ही अडचण माझ्या रोजच्या कामातली आहे. माझे मत असे की त्या संगणकावर प्रोग्राम चालवावा, पण तो लिहावा दुसरीकडे.

विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्यानंतर एकेका साधनाने त्याची साथ सोडली. पायथनची ३.८ ही शेवटची शाखा त्यावर चालते, व्हीएस कोड १.७० पर्यंत, गो भाषा १.२० पर्यंत आणि क्रोम १०९ पर्यंत. पायथन ३.९ कसेबसे कॉपी करून चालवू पाहिल्यास ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ या नावाने सुरू होणारी डीएलएल फाइल (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती विंडोजची फाइल) सापडत नसल्याचा संदेश येतो. त्या फाइलमधली कामे विंडोज ८ पासून आली असल्यामुळे ती विंडोज ७ मध्ये मुळातच नाहीत. कुठल्याशा संकेतस्थळावरून ती एक फाइल आणून टाकण्याचा सल्ला आपल्याला मिळेल. तो कृपया मानू नका, कारण ज्या संगणकावर शेतकऱ्याच्या मालाचे वजन नोंदवले जाते त्यावर अनोळखी फाइल ठेवणे मला कोणत्याही कारणाने योग्य वाटत नाही.

पायथन ३.८ साठीसुद्धा विंडोज ७ मध्ये सर्व्हिस पॅक १ आणि केबी२५३३६२३ हे अपडेट लागते. ते स्वतंत्रपणे मिळत नसल्यास त्याच्या जागी आलेले केबी३०६३८५८ चालते. त्यासोबत सी रनटाइमचे (सी भाषेतले प्रोग्राम चालायला लागणाऱ्या मूळ फाइलींचे) केबी२९९९२२६ हेही असल्याची खात्री करून घ्यावी.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. आपल्या स्वतःच्या विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपवर नव्या पायथनच्या शेजारीच ३२-बिट पायथन ३.८ बसवावे, त्यासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या पायथनचा व त्याच्या पॅकेजेसचा स्वतंत्र फोल्डर) करावे आणि व्हीएस कोडची चालू आवृत्ती वापरून तिथेच प्रोग्राम लिहावा. तयार झाल्यावर त्याच एन्व्हायर्नमेंटमधून पायइन्स्टॉलर या साधनाने एक्सई फाइल (पायथन न बसवता थेट चालणारा प्रोग्राम) करून ती पेनड्राइव्हने काट्यावर न्यावी. एक्सई ज्या पायथनमधून बनते त्या पायथनच्या मर्यादा तिला लागू राहतात, म्हणून लॅपटॉपवरच्या नव्या पायथनमधून बनवलेली फाइल काट्यावर उघडणार नाही. ३२-बिटचा आग्रह एवढ्यासाठी की काट्याची जुनी सॉफ्टवेअर अनेकदा नोंदी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या एमडीबी फाइलमध्ये ठेवतात, ती वाचणारा विंडोजसोबत येणारा जुना ड्रायव्हर ३२-बिटच असतो आणि ६४-बिट पायथनला तो दिसतच नाही.

सर्वांत जपायची गोष्ट पुढे आहे. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून) वजन संगणकाच्या सिरियल पोर्टवरून येते, आणि ते आपल्या प्रोग्राममध्ये थेट घ्यावे असा मोह होतो. परंतु विंडोजमध्ये एक सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडता येतो. आपल्या प्रोग्रामने तो धरून ठेवला तर काट्याच्या सॉफ्टवेअरला वजन मिळणार नाही, काटापावती निघणार नाही आणि बाहेर ट्रॅक्टर, मेटॅडोरची रांग उभी राहील. हंगामात भरल्या गाडीचे वजन झाले पण रिकाम्या गाडीचे अडले, तर त्या शेतकऱ्याचा चुकाराही (मालाचे पैसेही) तिथेच अडतो. म्हणून पोर्टला हात न लावता नोंदींच्या फाइलची प्रत घ्यावी, तीही काटा बंद झाल्यानंतर, आणि अहवाल त्या प्रतीवरून काढावा. मूळ फाइल आपल्या प्रोग्रामने कधीही उघडू नये.

अहवालासाठी पांडास या माहिती-विश्लेषणाच्या मोठ्या पॅकेजची गरज नाही. पायथनसोबत येणारी सीएसव्ही व एसक्यूलाइट ही मॉड्यूल, एमडीबी वाचण्यासाठी पायओडीबीसी आणि एक्सेलसाठी ओपनपायएक्सएल ही पॅकेजेस एवढ्यावर गावनिहाय व व्यापारीनिहाय क्विंटलची बेरीज सहज निघते, आणि दोन जीबी मेमरीच्या यंत्रावर प्रोग्राम हलका राहतो.

सुरक्षा सुधारणा मिळत नसलेला हा संगणक इंटरनेटला जोडू नये, मोबाइलच्या हॉटस्पॉटलाही नाही. पेनड्राइव्ह याच कामासाठी वेगळा ठेवावा आणि दर वेळी लॅपटॉपवर तपासून घ्यावा. यातले काहीही बसवण्यापूर्वी मालकांना सांगून संपूर्ण हार्ड डिस्कची इमेज (विंडोजसकट हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि त्या दुसऱ्या डिस्कवरून संगणक सुरू होऊन काटापावती निघते का, हे खरेदी सुरू होण्याआधी एकदा करून पाहावे.