आपला जर्नल स्क्वेअर: काय लिहावं, काय गाळावं?

प्रश्न: काकू, सप्रेम नमस्कार. नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी मंडळाच्या स्मरणिकेत ‘आपला जर्नल स्क्वेअर’ हा जर्सी सिटीतल्या आपल्या वस्तीवरचा लेख लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी इथे 2019 पासून राहतो. माहिती गोळा करताना 1987 च्या, भारतीयांच्या जिवावर उठलेल्या ‘डॉटबस्टर्स’ टोळीबद्दल कळलं आणि मी त्यावर दोन परिच्छेद लिहिले. समितीतले एकजण म्हणतात, “लोकांना घाबरवू नकोस, आता तसं काही राहिलेलं नाही.” दुसरे म्हणतात, “सगळं लिही, हे शहर आपल्या जिवावर उठलं होतं.” कोणाचं ऐकू? मसुदा सोबत जोडला आहे.
— एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर: मसुदा जोडलास ते बरं केलंस. नुसता प्रश्न आला असता तर मी ‘लिही’ एवढंच सांगून मोकळी झाले असते. वाचल्यावर वाटलं, 1987 चे परिच्छेद थोडे दुरुस्त केले की झालं. खरी अडचण लेखाच्या शेवटच्या ओळीत आहे. तिकडे येतेच, पण आधी 1987.

मी तेव्हा इथे होते. शहराच्या हाइट्स भागात, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत, तीनमजली लाकडी घराच्या मधल्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. त्या उन्हाळ्यात ‘जर्सी जर्नल’मध्ये भारतीयांना होणाऱ्या त्रासावर बातमी आली आणि त्यानंतर एक पत्र छापून आलं. खाली सही ‘डॉटबस्टर्स’. डॉट म्हणजे आपलं कुंकू. भारतीयांना जर्सी सिटीतून घालवण्यासाठी आम्ही कुठल्याही थराला जाऊ, असं त्यात लिहिलं होतं; टेलिफोन डिरेक्टरीत पटेल आडनाव शोधून माणसं हेरतो, असंही. ते वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर आपलं आडनाव पटेल नाही. खालच्याच मजल्यावर एक पटेल कुटुंब राहत होतं. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडे गृहपाठ घेऊन यायच्या. तो विचार मला अजून टोचतो.

सासूबाई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. एक दिवस ह्यांनी सांगितलं, “आई, बाहेर पडताना कुंकू पुसून जा.” त्या काही न बोलता आत गेल्या. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, “माझा नवरा धडधाकट साताऱ्यात बसलाय, आणि मी कुंकू पुसू?” पुसलं नाहीच त्यांनी. भर ऑगस्टात डोक्याला रुमाल बांधायच्या, भुवयांपर्यंत ओढायच्या आणि भाजी आणायला निघायच्या. परत जाताना विमानतळावर तो रुमाल सोडून माझ्या हातात दिला.

‘घाबरवू नकोस’ म्हणणाऱ्या सदस्यांना हे वाचून दाखव. ज्यांनी ते दिवस काढले त्यातली कितीतरी माणसं आजही याच वस्तीत राहतात, मंडळाच्या गणपतीला पुढच्या रांगेत बसतात. त्यांचं आयुष्य गाळून वस्तीची ओळख कशी करून देणार? आणि नव्याने आलेल्या मुलीला हे आपल्याच माणसांकडून कळलेलं बरं. एखाद्या रात्री एकटीने फोनवर वाचून कळलं तर ती जास्त घाबरेल.

दुसऱ्या सदस्यांचा राग मला समजतो, तरी त्यांचं वाक्य तू वापरू नकोस. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर आमची घरमालकीण राहायची, पोलिश, सत्तरी ओलांडलेली. पत्र छापून आल्यावर तीन आठवडे ती रोज सकाळी माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत यायची, पायांत घरातल्याच सपाता. समोरच्या पायऱ्यांवर चार पोरं बसलेली असायची. ती माझ्याकडे बघून कपाळाला बोट लावायची आणि हसायची. म्हातारी त्यांच्या आयांची नावं घेऊन त्यांना ओरडायची. गल्ली एकच, सकाळही तीच. ‘शहर जिवावर उठलं’ म्हटलं की ही बाई त्या पोरांच्या रांगेत जाऊन बसते. म्हणून कोणी, कुठे, कधी, काय केलं ते लिही, आणि तेवढंच लिही.

आता दुरुस्त्या. ‘जर्सी सिटीत नवरोज मोदींचा खून झाला आणि मारेकऱ्यांना शिक्षा झाली’ हे तुझं वाक्य बदल. हल्ला होबोकनमध्ये झाला. ते शेजारचं, पण वेगळं शहर आहे. तारीख 27 सप्टेंबर 1987. मोदी तीस वर्षांचे होते, बँकेत मॅनेजर होते, आणि चार दिवसांनी गेले. खटल्यात मारहाणीचे गुन्हे सिद्ध झाले, खुनाचा कोणावरही झाला नाही. आणखी दोन गोष्टी घाल: मारणारे ‘हिंदू, हिंदू’ ओरडत होते आणि मोदी पारशी होते, बरोबरच्या गोऱ्या मित्राला कोणी हात लावला नाही. एवढं लिहिलंस की हल्ला कशासाठी झाला ते वाचणाऱ्याला कळेल. तू लावलेली ‘अमानुष’, ‘नृशंस’ ही विशेषणं मग काढून टाक. त्याच सुमारास सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय डॉक्टरला बॅटने बेशुद्ध होईपर्यंत मारलं होतं, तेही तुझ्याकडून राहिलं आहे. त्या प्रकरणातले आरोपी निर्दोष सुटले. आम्हाला ते फार लागलं होतं.

त्यापुढचंही येऊ दे. कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी वंशद्वेषाविरुद्ध गट उभा केला, लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले, आणि 1990 मध्ये न्यू जर्सीत द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांसाठी कायदा झाला. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूच्या एका तुकड्यावर, केनेडी बुलेव्हार्डपासून टॉनेल अ‍ॅव्हेन्यूपर्यंत, आज भारतीय दुकानांचा इंडिया स्क्वेअर आहे आणि नवरात्रात भर रस्त्यात गरबा होतो. ज्या वर्तमानपत्रावरून जर्नल स्क्वेअरला नाव मिळालं आणि ज्यात ते पत्र छापून आलं, ते 1 फेब्रुवारी 2025 ला बंद पडलं.

आता ती शेवटची ओळ. ‘घर शोधताना ग्रीनव्हिलकडे मात्र जाऊ नये, तिकडची वस्ती चांगली नाही.’ ग्रीनव्हिल म्हणजे जर्सी सिटीचाच दक्षिणेकडचा भाग, तिथे बरीच वस्ती कृष्णवर्णीयांची.

मी या भागात वीस वर्षं घरं विकण्याचं काम केलं. आपली माणसं मला हमखास विचारायची, “ताई, एरिया चांगला आहे ना? तिकडे ते लोक नाहीत ना?” 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने एजंटला वंश बघून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे ढकलायला किंवा दुसरीपासून अडवायला बंदी आहे. तो कायदा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात, 11 एप्रिलला, झाला. त्याच्याआधी काय चालायचं ते कळण्यासाठी 1930 च्या दशकातले सरकारी गृहकर्ज महामंडळाचे नकाशे बघ. वस्त्या हिरव्या, निळ्या, पिवळ्या, लाल रंगवलेल्या. लाल म्हणजे ‘धोकादायक’. प्रत्येक तुकड्याबरोबर वर्णनाचा छापील कागद, आणि त्यात नको असलेली माणसं किती ‘शिरली’ आहेत याचा रकाना. लाल वस्तीत घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त. डॉटबस्टर्सच्या पत्रातली भाषा मला तिथेच पहिल्यांदा नीट समजली: हे इथे शिरले, यांना घालवा. आणि ‘तिकडची वस्ती चांगली नाही’ हे तू लिहिलेलं वाक्य त्या कागदावर सहज बसलं असतं.

तू एजंट नाहीस, कायदा तुला अडवणार नाही. मी अडवते आहे.

ग्रीनव्हिलमध्येही द्वेषाने माणसं मारली गेली आहेत. 10 डिसेंबर 2019 ला दोन बंदूकधाऱ्यांनी मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्हवरच्या ज्यूंच्या कोशर किराणा दुकानात तिघांना मारलं, त्याआधी एका पोलीस डिटेक्टिव्हला. त्या दिवसावरून सबंध ग्रीनव्हिलला वाईट ठरवायचं असेल, तर 1987 वरून हाइट्सलाही ठरवावं लागेल, माझ्या घरमालकिणीसकट. आणि जर्नल स्क्वेअरसाठी ‘आता तसं नाही’ म्हणायचं, तर ग्रीनव्हिलकडेही तेवढ्याच सबुरीने बघावं लागेल. ती ओळ लिहिण्यापूर्वी तू तिकडे गेला होतास का? मसुद्यावरून वाटत नाही.

नव्या कुटुंबाला घरासाठी जे लागतं ते मी गिऱ्हाइकांना सांगायचे तेच सांग: पाथ (न्यू यॉर्कला जाणारी रेल्वे) किंवा लाइट रेलपर्यंत चालत किती मिनिटं, भाड्यात हीटिंग धरलंय का, मालमत्ता कर किती, शाळा कुठली. आणि घर पक्कं करण्याआधी संध्याकाळी सातच्या सुमाराला एकदा त्या रस्त्याने चालून या, शेजारी दिसला तर थांबून बोला.

या शनिवारी लाइट रेलने ग्रीनव्हिलला जा, दोन तास पायी फिर, मग शेवटचा परिच्छेद नव्याने लिही आणि मला पाठव. सासूबाईंची गोष्ट घ्यायची असेल तर खुशाल घे. तो रुमाल अजून माझ्याकडे आहे. फोटो हवा असेल तर कळव.