जिम्नॅस्टिक्समध्ये चौथी येऊनही फायनलबाहेर? हा नियम न्याय्य आहे का?
माझ्या मते नाही. लंडन २०१२ ऑलिम्पिकला अमेरिकेची १७ वर्षांची जॉर्डिन वीबर ऑल-अराउंड (सगळ्या प्रकारांचे एकत्र गुण) पात्रता फेरीत चौथी आली. पण फायनलला एका देशाच्या दोघीच चालतात, आणि रेझमन व डग्लस या तिच्याच देशाच्या दोघी तिच्या पुढे होत्या. त्यामुळे २४ जणींच्या फायनलमध्ये तिच्या मागच्या खेळल्या, ती नाही. टीव्ही कॅमेऱ्यांसमोर रडली बिचारी. लहान देशांना संधी मिळावी हा हेतू पटतो. सिडनी २०००ला एका देशाच्या तिघी चालायच्या, तेव्हा तर फायनलमध्ये पहिल्या तिघी रोमानियाच्याच आल्या होत्या (नंतर पहिलीचं सुवर्ण काढून घेतलं गेलं). पण टोकियोत अमेरिकेच्या बाइल्सने माघार घेतल्यावर पात्रतेत नववी आलेली तिची सहकारी जेड केरी आत आली. म्हणजे गुण तेच, दार मात्र मैत्रिणीच्या माघारीने उघडतं! निदान पहिल्या आठ जणींना तरी ही मर्यादा नको.