घसरलेला स्टार संघात घ्यावा का?

प्रश्न : जुलै संपत आला, बेसबॉलमधल्या ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत जवळ आली की आमच्या घरी वाद ठरलेला. मुलगा म्हणतो, खेळाडू मोठा आहे, फॉर्म येतो-जातो. मी म्हणतो, उतरणीला लागलेल्या माणसावर एवढा पैसा कशाला ओतायचा? कोणाचं बरोबर?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तो का घसरला हे बघितल्याशिवाय कोणाचंच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने बोस्टनकडून ख्रिस सेल या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) घेतलं. वय ३४, आणि मागच्या तीन हंगामांत मिळून सुरुवातीचा पिचर म्हणून जेमतेम ३१ सामने. पण कारणं पाहा : २०२० मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, २०२२ मध्ये आधी बरगडी, मग चेंडू लागून बोट, मग सायकलवरून पडून मनगट. २०२३ चा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) ४.३० म्हणजे सामान्यच, पण त्याच १०२ डावांत १२५ स्ट्राइकआउट (चकवून बाद केलेले बॅटर) आणि वॉक (बॅटरला फुकट दिलेला बेस) फक्त २९. हाताची धार शाबूत होती, मोडत होतं ते बाकीचं शरीर. शिवाय बोस्टनने १ कोटी ७० लाख डॉलर सोबत दिले आणि बदल्यात घेतला एक तरुण इनफिल्डर (आतल्या भागातला क्षेत्ररक्षक), वॉन ग्रिसम. २०२४ मध्ये सेलने १८ विजय, ३ पराभव, २.३८ ईआरए अशी कामगिरी करून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. तरी ऐन प्लेऑफला पाठ धरली आणि तो खेळू शकला नाही. दुखापतीचा धोका ट्रेडबरोबर येतोच, तो किमतीत धरायलाच हवा.

आता उलटं उदाहरण. जानेवारी २०११ मध्ये एंजल्सने टोरंटोकडून ३२ वर्षांच्या व्हर्नन वेल्स या बॅटरला घेतलं. २००९ चा हंगाम फिका, २०१० मध्ये मात्र ३१ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके). त्या होमरनवर भुलून चार वर्षांचे ८ कोटी ६० लाख डॉलर गळ्यात घेतले, टोरंटोने दिले फक्त ५० लाख. पहिल्याच वर्षी फलंदाजीची सरासरी ०.२१८, बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ०.२४८, दोन्ही फारच कमी. बदल्यात दिलेला माइक नापोली लगेच टेक्सासला गेला आणि त्याच वर्षी ०.३२० ने खेळला. हे जास्त झोंबणारं.

प्रश्न : नशीब खराब की खेळ संपला, हे आकड्यांवरून कसं ओळखावं?

उत्तर : बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या वेबसाइटवर फुकट दिसतं. बॅटरचा चेंडू ताशी ९५ मैल किंवा जास्त वेगाने किती वेळा सुटतो ते आधी पाहा. तो आकडा जुनाच असेल, पण मैदानात टोलवलेल्या चेंडूंवरची सरासरी नेहमीच्या ०.३०० च्या आसपासहून बरीच खाली असेल, तर फटके थेट क्षेत्ररक्षकांच्या हातात जात आहेत. असा खेळाडू घ्यावा. पण तिशी ओलांडलेला बॅटर स्ट्राइक झोनमधल्या (बॅटरच्या आवाक्यातल्या) फास्टबॉलवरही चुकू लागला आणि फटक्याचा वेगही उतरला, तर हात मंदावलेत. तिथे कोचिंग फारसं उपयोगी पडत नाही. पिचरच्या बाबतीत फास्टबॉलचा वेग पाहा. दीड-दोन मैल कमी झाला असेल तर एमआरआयचा अहवाल हातात आल्याशिवाय सही करू नये. आणि एप्रिलमधल्या फलंदाजीच्या शंभर पाळ्यांवरून निकाल देऊ नका.

प्रश्न : खेळाडू नकार देऊ शकतो का?

उत्तर : करारात तशी अट असेल, किंवा मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये) दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात असतील, तर हो. डिसेंबर २०२४ मध्ये सेंट लुईसच्या नोलन अरेनाडोने ह्यूस्टनच्या संघात जायला करारातल्या अटीच्या जोरावर नकार दिला.