आजीला बघायचं म्हणून पोरीनं घरी बसायचं का?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज बसनं ये-जा करते. परीक्षा झाली की कामाला ये म्हणून एका टॅक्स कन्सल्टंटनी सांगून ठेवलंय, तिच्या मनात सीए करायचंय. पण दिवाळीनंतर आजींना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आजोबांना नीट दिसत नाही. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. घरात ठरत आलंय की पोरीला वर्ष-दोन वर्षं घरी ठेवायचं, आजीला बघेल, मग लग्नाचं बघू. ताई विचारतात, "नोकरी काय नंतर पण मिळेल, सासूबाईंना आत्ता कोण बघणार? मी तिला काय सांगू?"

नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय, "मी काही करत नाही, घरीच असते", आणि त्याच्याच खाली लिहिलंय की दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालता, भाताच्या लावणीला उतरता, आणि रात्री दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलता. ताई, हे काम नाही तर काय आहे? सरकारच्या सर्व्हेत २०१७-१८ ला १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २३.३ टक्के कामात होत्या किंवा काम शोधत होत्या, २०२३-२४ ला तो आकडा ४१.७ टक्के झाला, ऐकायला बरं वाटतं, पण त्या वाढीतला मोठा वाटा तुमच्यासारख्या खेड्यातल्या बायकांचा आहे, घरच्या शेतात नाहीतर घरच्या धंद्यात राबणाऱ्या, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या हातात पगार म्हणून एक रुपया पडत नाही. आता तुमच्या मुलीला पगाराचं दार उघडायला लागलंय आणि आपणच ते लावायला निघालोय, म्हणून मी जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

तुमच्या सासूबाईंना पाच मुलं, म्हणजे आज त्यांना बघायला निदान पाच घरं आहेत, सगळी येत नसतील पण आहेत. तुम्हाला दोनच मुलं. कर्नाटकात आता एका बाईला सरासरी १.७ मुलं होतात असं २०१९-२१ च्या आरोग्य सर्व्हेत आलंय, लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात. म्हणजे तुमच्या मुलीची पिढी पन्नाशीला येईल तेव्हा म्हातारी माणसं भरपूर आणि कमावणारे हात कमी. २०५० पर्यंत देशात पाचातला एक माणूस साठीच्या वरचा असेल असा अंदाज आहे. तेव्हा औषधं, दवाखाना, पेन्शन हे सगळं कुणाच्या कमाईवर चालणार? अर्ध्या लोकसंख्येला घरी बसवून ते जमणार नाही, देशाला नाही आणि तुमच्या घराला पण नाही. मुलगी आज कमवायला लागली तर तुम्ही सत्तर वर्षांच्या व्हाल तेव्हा तुम्हाला बघायला दोन कमावते असतील, नाहीतर एकटा पुण्याचा मुलगा.

आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाचं काय? पीएफची पेन्शन लागायला एकूण १० वर्षांची नोकरी भरावी लागते. मधे नोकरी बदलली तरी वर्षं जोडली जातात, पण मुळात सुरूच केली नाही तर जोडणार काय?

"नंतर पण मिळेल" या वाक्याबद्दल मला खूप सांगायचंय, कारण ते मी स्वतः जगलेय. माझ्या सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मी एका कॉलेजमधली नोकरी सोडली, सहा महिने म्हणता म्हणता अडीच वर्षं गेली. परत गेले तर माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी माझ्या जागेवर होती आणि मला तासावर पैसे देतो म्हणाले. सासूबाईंची सेवा केल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, पण तेव्हा घरात कुणीच, मी सुद्धा, दुसरा मार्ग आहे का असं विचारलं नाही, ते मात्र अजून सलतं. म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर लांबतंय.

तर दुसरा मार्ग काय. पहिलं म्हणजे मुलाला पुण्याहून बोलवा, फोनवर नको, समोर बसवा. आई-वडील आणि आजी-आजोबांची जबाबदारी २००७ च्या कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात सगळ्यांवर सारखी आहे, एकट्या नातीवर नाही. तो रात्री उठायला येऊ शकत नाही, मान्य, मग तो पैसे देऊ शकतो. त्या पैशात गावातली एखादी बाई सकाळी चार तासांना ठेवा, अंघोळ घालणं, खायला घालणं, कपडे, एवढं तिनं केलं तरी तुमचं निम्मं ओझं उतरतं. दीर आणि नणंदा आहेत, त्यांच्याशी पण हेच बोला. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० येत असतील तर ते पण यात धरा. आणि तुमच्या गावातल्या त्या बाईला पगार मिळेल हे पण लक्षात घ्या की, एक पोरगी कामाला बाहेर पडते तेव्हा दुसऱ्या बाईला काम मिळतं, वाढ अशीच होते. जपाननं हेच देशभर केलं, तिथं आता शंभरातले २९ जण पासष्टीच्या वरचे आहेत, सुना-मुली नोकऱ्या सोडून घरी बसायला लागल्या म्हणून २००० साली म्हाताऱ्यांच्या देखभालीचा वेगळा विमा काढला, चाळिशीपासून प्रत्येकाचा हप्ता. आपल्याकडं तसं काही नाही, म्हणून घरातच मिळून करायचं.

फिजिओथेरपीत मात्र हयगय करू नका, झटक्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात महत्त्वाचे. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्या आणि ते घरातल्या पुरुषांनी करून घ्यायचे. सासूबाई त्यांच्याही आई आहेत. कोण कशाला किती वेळ देतं याच्या २०२४ च्या सरकारी सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं असं आलंय, त्या ८८ मध्ये अर्धा तास वाढला तर काही बिघडत नाही.

आता मुलीचं. सीए करायला तिला घर सोडायची गरज नाही हे घरी आधी सांगा, भीती बहुतेक त्याचीच असणार. कॉमर्स ग्रॅज्युएटला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीडिएटला, म्हणजे दुसऱ्या परीक्षेला, नाव घालता येतं, शेवटच्या वर्षात असतानाच तात्पुरतं रजिस्ट्रेशन होतं. इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणं, ती आता दोन वर्षांची झालीय आणि ती बेळगावातच करता येते. स्टायपेंड थोडा असतो, पण कर्नाटकची सरकारी बस बायकांना फुकट आहे, त्यामुळे जायचा-यायचा खर्च नाही. टॅक्स कन्सल्टंटकडचं काम पण तिनं धरावं, जीएसटी, रिटर्न, टॅली यात हात बसला की अभ्यास सोपा जातो, फक्त वेळ किती द्यायचा ते आधी बोलून घ्यायचं, दिवसभर तिथं आणि रात्री पुस्तक असं केलं तर इंटर निघत नाही, मी बघितलंय.

सीए कठीण आहे, बरीच पोरं अडकतात, म्हणून एक दुसरी वाट पण डोक्यात ठेवा. बँकेची क्लार्कची परीक्षा. अर्ज एकाच राज्यातल्या जागांसाठी करता येतो आणि तिथली भाषा यायला लागते. आपल्या मराठी मीडियमच्या पोरी इथं घाबरतात, पण तिनं दहावीपर्यंत कन्नड विषय म्हणून घेतलाच असणार, मार्कलिस्ट बघा, कन्नड असेल तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. तिला कन्नड पेपर रोज वाचायला सांगा, काउंटरवर बसल्यावर कामाला येतं.

लग्नाचं मी फार लिहीत नाही. एवढंच की स्थळ आलं तर "इंटर संपेपर्यंत थांबाल का" हा प्रश्न तुम्ही विचारा, तिला विचारायला लावू नका.

तुम्ही मला विचारलंत, मी तिला काय सांगू. तिला काही सांगू नका ताई, ती बरोबर चाललीय. सांगायचं आहे ते तिच्या बाबांना आणि भावाला. या रविवारी एक कागद घ्या, सासूबाईंना दिवसभरात काय काय लागतं ते सकाळी सहापासून रात्रीपर्यंत लिहून काढा आणि प्रत्येकासमोर नाव घाला. एकच नाव दोन ओळींच्या वर आलं तर कागद फाडून परत लिहा. आणि मुलीचे पाचव्या सेमिस्टरचे मार्क तुम्ही लिहिले नाहीत, ते मला कळवा, म्हणजे ५५ चं गणित लगेच बघते.