इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलं पुस्तक घेताय? मग एवढं बघा

अरे वा, स्वागत! पण एकदम पाच पुस्तकं मागवू नकोस, मी तेच केलेलं, तीन अजून कोरी आहेत. एकच घे, पातळ असलं तरी चालेल, फक्त त्यातलं प्रत्येक सर्किट स्वतःच्या हाताने लाव. नुसतं वाचून हात बसत नाही.

घेण्याआधी पुस्तक कुठल्या बोर्डावर (म्हणजे ज्यात आपला कोड चालतो ते छोटं सर्किट) आहे ते बघ. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जुनी बरीचशी पुस्तकं अर्डुइनो उनोवर आहेत, तो ५ व्होल्टचा, आणि आपण स्वस्तात मिळतो म्हणून ईएसपी३२ आणतो, तो ३.३ व्होल्टचा, मग पुस्तकातलं ५ व्होल्टचं सेन्सर तसंच्या तसं जोडलं की बोर्डाची पिन जळून जायची शक्यता असते. माझी गेलीये.

बाकी नवीन लोक हमखास करतात त्या चुका:
- एलईडीला रेझिस्टर (करंट कमी ठेवणारा भाग) न लावणं. ५ व्होल्टला २२० ओहम लाव, झालं.
- ब्रेडबोर्डची (सर्किट लावायच्या भोकांच्या पाटीची) कडेची लाल-निळी पट्टी काहींत मधेच तुटलेली असते, अर्ध्या भागात सप्लायच नसतो आणि आपण तासभर कोड तपासत बसतो.
- दोन सप्लाय वापरताना ग्राउंड (वजा बाजू) एकत्र न जोडणं.

कोड कॉपी-पेस्ट नको, टाईप कर, चुका होऊ देत. आणि एक साधा मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायला) घेच, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत मिळून जाईल. सोल्डरिंग (डाग देऊन जोडणं), पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नको. आधी एलईडी लुकलुकू दे, मग फोटो टाक इथे.